हडफडे : पावणेबारापासून पहाटेपर्यंत

मार्च 2024. गोव्यात बार्देशातल्या हडफडे गावात मिठागराच्या जागेवर उभ्या असलेल्या 'बर्च बाय रोमिओ लेन' या नाइट क्लबचा पंचायत परवाना संपला. क्लब चालूच राहिला. बांधकाम पाडण्याच्या पंचायतीच्या नोटिशीला पंचायत संचालनालयाने स्थगिती दिली होती. माझ्या मते उलटगणती इथूनच सुरू होते.

शनिवार, 6 डिसेंबर 2025, रात्र. ऐन हंगाम. वरच्या डान्स फ्लोअरवर शंभरेक माणसं, खाली स्वयंपाकघर. तिथे राबणारी पोरं झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळहून पोटासाठी आलेली.

11.45च्या सुमारास. सरकारच्या सांगण्यानुसार आत उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागली. त्या वेळचा एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. वर छताला ज्वाळा, खाली नर्तिका अजून नाचते आहे, गाणं चालू आहे. आधी वादक बाजूला होतात, मग कुणीतरी लॅपटॉप उचलतो.

मी थांबतो ते त्या चालू असलेल्या गाण्यापाशी. भारतीय मानकानुसार आगीचा हूटर किमान 65 डेसिबलचा हवा, किंवा भोवतालच्या गोंगाटापेक्षा 5 डेसिबल चढा, यांत जे जास्त ते. क्लबातलं संगीत सहज शंभरावर जातं. तिथे 65 कुणाला ऐकू येणार? म्हणून अशा जागी अलार्मची तार साउंड सिस्टीमलाच जोडायची असते. धूर टिपला गेला की गाणं आपोआप बंद, सगळे दिवे चालू, मग हूटर. स्वयंपाकघरात एक्झॉस्टच्या घरघरीत तोही हरवतो, तिथे भिंतीवर लखलखणारा स्ट्रोब दिवा लागतो. वर आग लागल्याचं खालच्या माणसाला कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही. पोलिसांच्या एफआयआरमध्ये मात्र आग विझवण्याची आणि सुरक्षेची साधनं नव्हती, तळमजल्याला आणि डेकला आणीबाणीचं दार नव्हतं, अशी नोंद आहे.

12.04. पोलीस नियंत्रण कक्षात फोन. एव्हाना वीसेक मिनिटं गेली होती. जीव वाचवायला काही जण खाली स्वयंपाकघराकडे धावले आणि तिथेच अडकले.

त्यानंतर. बंब आले, पण वाट अरुंद. ते सुमारे 400 मीटर अलीकडेच थांबले.

1.17. आत बचावकार्य चालू असताना क्लबच्या मालक बंधूंनी फुकेतची तिकिटं काढली, असं पोलीस सांगतात. पुढे थायलंडमधून त्यांना परत पाठवण्यात आलं.

पहाट. मृत 25. त्यात 20 कर्मचारी, 5 पर्यटक. बहुतेक जण भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले.

10 डिसेंबर. उत्तर गोवा प्रशासनाने पर्यटन आस्थापनांमध्ये आतल्या आतषबाजीवर बंदी घातली. बंदी योग्यच, पण ठिणगी शॉर्ट सर्किटनेही पडते, गॅसनेही.

शेजारच्या पेडण्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलला शॅक आणि क्लब वाढताहेत. डिचोलीत औद्योगिक वसाहत आहे, लग्नाचे हॉल आहेत. तिथल्या मालकांना आणि पंचायतींना एकच विनंती. येत्या शनिवारी, संगीत पुरतं चढलेलं असताना, अलार्मचं बटण दाबा आणि स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या पोराला विचारा, काही ऐकू आलं का, काही दिसलं का. तो नाही म्हणाला, तर त्या रात्रीपुरतं तरी शटर खाली ओढा.