ओठांवरून निघालेली प्रतवारी

तोंडाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट हाती आला की घरच्यांचे डोळे ‘वेल’, ‘मॉडरेट’ किंवा ‘पुअर’ या शब्दावर जाऊन थांबतात. ही प्रतवारी जन्मली अमेरिकेत, मेयो क्लिनिकमध्ये. तिथले पॅथॉलॉजिस्ट अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठांच्या कर्करोगाचे ५३७ रुग्ण अभ्यासून १९२० मध्ये ती मांडली. पेशी आपल्या मूळ रूपापासून जितकी दुरावते तितकी ती घातक, हा विचार बर्लिनच्या डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्येच मांडला होता. ब्रॉडर्सनी त्याला हिशेब दिला. तीन चतुर्थांश पेशी नेहमीसारख्या पिकून केराटिन (अस्तराला टणक करणारं प्रथिन) धरत असतील तर पहिली प्रत, निम्म्या असतील तर दुसरी, पाव असतील तर तिसरी आणि एकही नसेल तर चौथी. पुढे चाराच्या तीन झाल्या: वेल, मॉडरेट आणि पुअर.

हिशेब सुटसुटीत होता आणि मला वाटतं, म्हणूनच तो टिकला. पण तोंडाच्या बहुतेक गाठी मधल्या प्रतीत येऊन पडतात. निम्मा वर्ग एकाच बाकावर बसवला तर परीक्षेचा उपयोग काय? शिवाय गाठ सगळीकडे सारखी नसते. वरचा तुकडा शांत दिसतो आणि तळाशी पेशी एकमेकींना सोडून एकेकट्या, नाहीतर दोन-चारच्या टोळीने, स्नायूत शिरत असतात.

स्वीडनच्या याकोब्सन यांनी १९७३ मध्ये स्वरयंत्राच्या गाठींना अनेक लक्षणांचे गुण देऊन पाहिले, त्यात गाठ आत कशी शिरते हेही धरलं. खरी कलाटणी दिली ती ओस्लोच्या माग्ने ब्रीने यांनी. अख्खी गाठ सोडा, फक्त आत घुसणारी कड तपासा, असं त्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. रुग्णाचं पुढे काय होईल, याचा अंदाज त्या कडेवरून अधिक नेमका येत होता.

मग मोजपट्टी आली. कर्करोगाची टप्पेवारी ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या गाठींची खोली गणली जाऊ लागली. ५ आणि १० मिलिमीटर या तिच्या पायऱ्या. ही खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपातळीपासून खाली मोजायचं, त्यामुळे वर फुगलेली गाठ जाड असूनही उथळ ठरू शकते.

खोलीला एवढं महत्त्व का, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कळतं. मानेत गाठी हाताला लागत नसताना, सुरुवातीच्या रोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत मान साफ करावी, म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी काढाव्यात का, की वाट पाहावी? अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निकाल जाहीर केला. तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांत ८० टक्के होतं, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. ३ मिलिमीटरपर्यंतच्या उथळ गाठींत मात्र असा फायदा दिसला नाही, पण तसे रुग्ण थोडेच होते.

ब्रॉडर्सची प्रत आजही रिपोर्टात छापली जाते. तोंडाच्या कर्करोगाची टप्पेवारी ठरवताना मात्र ती धरत नाहीत.