खाणकामगारांचीं अकरा घरें

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवळाच्या पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणाच्या काळांत उभी राहिली, या गोष्टींचें आदरानें स्मरण करतों. आणि तें योग्यच आहे. परंतु ख्रिस्तमंडळी म्हणजे केवळ दगडाचुन्याची इमारत नव्हे. ती कुटुंबांची बनलेली असते, आणि कुटुंबास डोक्यावर छप्पर लागतें. प्रभु येशूनें आपल्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें एका सुताराच्या घरीं काढलीं, हें आपण जाणतोंच. म्हणून या स्मरणिकेंत एका दूरच्या धर्मग्रामांतील अकरा घरांचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तीं घरें कोणा धनिकानें बांधून दिलीं नाहींत. कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या शेजाऱ्यांनीं तीं एकमेकांसाठीं आपल्या हातांनीं उभीं केलीं.

कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यास नोवा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे, आणि त्याच्या उत्तर टोंकास केप ब्रेटन हें बेट. या बेटाच्या पोटांत दगडी कोळसा विपुल. त्याच्या शिरा समुद्राच्या तळाखालींही गेलेल्या. तेथील खाणकामगारांत कॅथलिकांची संख्या मोठी होती. कामगार ज्या घरांत राहत तें घर बहुधा कंपनीचें, आणि ज्या दुकानांतून मीठपीठ आणीत तें दुकानही कंपनीचें. घरभाडें व दुकानची उधारी पगारांतूनच कापून घेतली जाई; त्यामुळें पगाराच्या दिवशीं कित्येकांच्या हातीं फारच थोडें पडे. १९२५ सालीं मजुरीच्या प्रश्नावरून मोठा झगडा पेटला, तेव्हां कंपनीनें दुकानांतील उधारी बंद केली. त्या वर्षीं ११ जून रोजीं न्यू वॉटरफर्ड गांवाजवळ कंपनीच्या पोलिसांनीं केलेल्या गोळीबारांत विल्यम डेव्हिस हा खाणकामगार ठार झाला. त्या भागांत आजही हा दिवस त्याच्या स्मरणार्थ पाळतात. ज्याचें अन्न आणि ज्याचें छप्पर दोन्हीं मालकाच्या मर्जीवर अवलंबून, त्याला न्यायासाठीं तोंड उघडतांना आधीं बायकामुलांच्या तोंडाकडे पाहावें लागतें. त्या घरांचा खरा जाच भाड्याच्या रकमेंत नव्हता. तो या भयांत होता.

अशा मुलखांतील रिझर्व्ह माइन्स या गांवीं, संत योसेफाच्या धर्मग्रामांत, १९३५ सालीं फादर जेम्स टॉम्पकिन्स हे धर्मगुरु म्हणून आले. त्यांचा जन्म १८७० सालचा. म्हणजे वयाची पासष्टी जवळ आलेली. देह किरकोळ, पण स्वभाव असा कीं स्वतः स्वस्थ बसणार नाहींत आणि दुसऱ्यासही बसूं देणार नाहींत. पूर्वीं ते अँटिगोनिश येथील संत फ्रान्सिस झेवियर विद्यापीठांत मोठ्या अधिकारावर होते. विद्या ही चार श्रीमंतांच्या मुलांची मिरास नसून ती कोळ्यांस, शेतकऱ्यांस व मजुरांस मिळाली पाहिजे, असें त्यांनीं १९२१ सालीं एक पुस्तिका लिहून प्रतिपादिलें. पुढें विद्यापीठांच्या एकीकरणाच्या वादांत त्यांचें व बिशपांचें मत जुळलें नाहीं, आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची नेमणूक कॅन्सो नांवाच्या दरिद्री कोळीवाड्यांत झाली. ती शिक्षाच आहे असें कित्येकांस वाटलें. परंतु ईश्वराची योजना निराळी होती. त्या कोळीवाड्यांत त्यांनीं लोकांस एकत्र बसून आपल्या दुःखाचें कारण शोधण्यास शिकविलें. १९२८ सालीं विद्यापीठानें लोकशिक्षणाचें स्वतंत्र खातें काढलें, व त्याचे प्रमुख फादर मोझेस कोडी हे टॉम्पकिन्स यांचेच आप्त होते. यांतूनच पुढें अँटिगोनिशची चळवळ जगाच्या माहितीची झाली.

रिझर्व्ह माइन्सला येतांच फादर टॉम्पकिन्स यांनीं आपल्या राहत्या घरांत पुस्तकालय उघडलें. काळ्या धुळीनें माखलेला कामगार पाळी संपवून घरीं जातांना तेथें डोकावे, आणि पुस्तक घेतल्यावांचून त्याची सुटका होत नसे. याच वातावरणांत कांहीं खाणकामगारांचें एक अभ्यासमंडळ जमलें. त्यांचा प्रश्न साधा होता: आपण जन्मभर भाडें भरतों, तरी आपल्या नांवावर एक खिळाही कां नाहीं?

वाचकहो, येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या मंडळीनें प्रथम कुदळ हातीं घेतली नाहीं, तर पेन्सिल घेतली. जमिनीची किंमत काय, लांकूड किती लागतें, व्याज कसें चढतें, कायदा काय म्हणतो, याचा त्यांनीं अनेक बैठकींत अभ्यास केला. पुठ्ठ्याचे लहान नमुने करून खोल्यांची मांडणी पाहिली. १९३७ सालीं न्यूयॉर्कहून मेरी अर्नोल्ड नांवाची एक बाई तेथें आली. सहकारी भोजनालयें व सहकारी गृहसंस्था चालविण्याचा तिला मोठा अनुभव होता. तिनें या लोकांतच मुक्काम केला, हिशेबाची शिस्त लावून दिली, आणि बांधकामाचा पत्करही घेतला.

मोठी अडचण पैशाची होती. सरकारच्या गृहयोजनेंतून दीर्घ मुदतीचें कर्ज मिळण्याजोगें होतें. परंतु खर्चाचा कांहीं हिस्सा घर बांधणारानें स्वतः घातला पाहिजे, अशी अट होती. ज्याच्या हातीं पगार जेमतेम पडतो, त्यानें हा हिस्सा आणावा कोठून? या प्रश्नाचें उत्तर हेंच या सर्व कार्याचें मर्म आहे. रोख रक्कम थोडी; उरलेला हिस्सा घाम. प्रत्येकाचे श्रम हे त्याचें भांडवल म्हणून धरावे, असें ठरलें आणि तें मान्यही झालें. जगांत भांडवल म्हणजे पेटींतील नाणें असेंच समजण्याची रीत आहे. या मजुरांनीं दाखवून दिलें कीं शेजाऱ्याच्या पायांत घातलेला दिवसही भांडवलच आहे.

मग कामास आरंभ झाला. जमिनीखालीं कोळसा खणून आलेले पुरुष जमिनीवर येऊन पुन्हां पाये खणूं लागले. पाळी संपली कीं काम, सुटीचा दिवस आला कीं काम. त्यांतले पुष्कळजण सुतारकीस नवखे. तरी १९३८ सालीं अकरा घरें उभीं राहिलीं, आणि त्या वस्तीस लोकांनीं आपल्या धर्मगुरूंचें नांव दिलें: टॉम्पकिन्सव्हिल. पुढें त्या प्रांतांत ठिकठिकाणीं असे गट निघाले आणि याच रीतीनें कामकरी कुटुंबांचीं आणखी पुष्कळ घरें झालीं.

पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं, आणि पोप अकरावे पायस यांनीं १९३१ सालीं, आपल्या परिपत्रकांतून शिकविलें कीं मजुरास काटकसरीनें कांहीं मालमत्ता स्वतःची करतां आली पाहिजे. ती शिकवण पुष्कळांनीं वाचली व कपाटांत ठेवली. रिझर्व्ह माइन्सच्या लोकांनीं ती जमिनीवर उतरविली.

तथापि या इतिहासाचा अर्थ असा करूं नये कीं जो स्वतः कुदळ मारूं शकत नाहीं त्यास घराचा हक्क नाहीं. प्रत्येक धर्मग्रामांत विधवा असते, अंथरुणास खिळलेला असतो, ज्याचे हात थकले असा म्हातारा असतो. त्यांच्या वांट्याचा घाम शेजाऱ्यांनींच गाळावयाचा असतो. आणि असेंही समजूं नये कीं घरें झालीं म्हणजे सर्व दुःखें सरलीं. केप ब्रेटनच्या कोळशास पुढें उतरती कळा लागली, आणि २००१ सालीं तेथील सरकारी मालकीची शेवटची खाणही बंद झाली. फादर टॉम्पकिन्स १९५३ सालीं व फादर कोडी १९५९ सालीं प्रभूच्या घरीं गेले. परंतु एकत्र बसून विचार करण्याची विद्या खाणीबरोबर बंद झाली नाहीं. १९५९ सालींच अँटिगोनिश येथें कोडी यांच्या नांवानें संस्था निघाली, आणि आपल्या देशांतूनही अनेक कार्यकर्ते तेथें शिकून आले.

आपणांसही ही वाट सर्वस्वीं परकी नाहीं. वसईच्या कॅथलिक लोकांनीं १९१८ सालींच सहकारी पतपेढी काढली होती. तिचीच पुढें बँक झाली. आणि त्याहूनही जुनी आपली रीत अशी कीं कोणाच्या घराचें आढें चढावयाचें असलें म्हणजे आळींतले चार खांदे न बोलावतां पुढें येत. आज पैसा वाढला, मजूर विकत मिळतो, आणि तो खांदा देण्याची संवय मात्र विरळ होत चालली आहे.

महोत्सवाच्या दिवशीं देऊळ दिव्यांनीं उजळेल, आणि मिस्सा संपल्यावर आपण सर्व आपापल्या घरीं परतूं. त्या वेळीं वाटेंत क्षणभर थांबून पाहावें, आपल्या धर्मग्रामांत कोणाचें छप्पर गळतें आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वीं तें आपल्या हातांनीं शाकारलें गेलें, तर या महोत्सवाची आठवण त्या घरांत पुष्कळ वर्षें राहील.