दातांवरचं कवच: बॉक्सरच्या तोंडातून आपल्या लेकींपर्यंत



भाताची झोडणी उरकली की आपल्या शहापूर-मुरबाडकडे गावोगाव चुन्याच्या रेघा पडतात आणि कबड्डीचे सामने लागतात. आपल्या आज्या या खेळाला अजून हुतुतूच म्हणतात. पूर्वी बाई मैदानाच्या कडेला दिसली तर ती पोराला जेवायला हाक मारायला आलेली असायची. आता डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, कुठेही जा, मुलींचे संघ खेळताना दिसतात. गुडघ्याला पट्टा, पायात बूट एवढं आपण लेकींना कसंबसं देतो. तोंडाचा विचार मात्र कुणी करत नाही. आणि साखळी पकड लागली की डोकं, कोपर, गुडघा नेमका तोंडावरच येतो.

म्हणून आज माउथगार्डची गोष्ट. माउथगार्ड म्हणजे वरच्या दातांवर बसणारं मऊ, जाडसर कवच. टीव्हीवर बॉक्सिंग बघताना खेळाडू मध्येच तोंडातून काहीतरी काढून ठेवतात ना, तेच.

ते सुरू झालं लंडनमध्ये, 1890 च्या सुमाराला. वुल्फ क्राउझ नावाचा दातांचा डॉक्टर होता. ठोसा बसला की बॉक्सरचे ओठ स्वतःच्याच दातांवर आपटून फाटायचे. त्याने गटापर्चाच्या पट्ट्या दातांवर बसवून द्यायला सुरुवात केली. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम केला की मऊ होतो, गार झाला की घट्ट. 1870 साली समुद्राखालून विलायतेची तार मुंबईपर्यंत आली, तिच्या तारांवरचं वेष्टण याच चिकाचं होतं. आणि तुमच्यापैकी कुणी रूट कॅनल करून घेतलं असेल तर दाताच्या मुळात डॉक्टरने बहुधा हाच गटापर्चा भरलाय. एवढ्या लांबचं झाड, आणि आपल्या तोंडात!

क्राउझचा मुलगा फिलिप. त्याने रबराचं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं कवच केलं. टेड ‘किड’ लुईस हा नामांकित बॉक्सर ते घालून खेळू लागला, तेव्हा समोरच्या बाजूने हरकत घेतली की तोंडात बाहेरची वस्तू ठेवणं नियमात बसत नाही. दात वाचवणं म्हणजे लबाडी! मग 1927 मध्ये अमेरिकेत माइक मॅकटीग नावाचा बॉक्सर जॅक शार्कीविरुद्ध खेळताना तुटक्या दाताने ओठ फाटून इतका रक्तबंबाळ झाला की सामना त्याच्या हातून गेला. त्यानंतर मात्र बॉक्सिंगवाल्यांनी कवच मान्य केलं. रक्त दिसल्याशिवाय नियम बदलत नाहीत, हे आपल्याला गावच्या रस्त्यावरच्या गतिरोधकावरूनही माहीत आहे.

पुढे 1960 मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने धडकाधडकीच्या सगळ्याच खेळांत माउथगार्ड घाला असं सांगितलं, आणि 1962 पासून तिथल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये ते सक्तीचं झालं. त्यांचा फुटबॉल वेगळा. हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा, आपल्या कबड्डीच्या जवळचा. सक्ती झाली तेव्हा ती मुलग्यांसाठी. मुली त्या मैदानावर जवळजवळ नव्हत्याच. ऑलिंपिकचंच बघा. पुरुषांचं बॉक्सिंग 1904 साली आलं आणि बायकांचं 2012 साली, तब्बल 108 वर्षांनी. त्याच वर्षी लंडनला आपल्या मेरी कोमने कांस्यपदक आणलं. ज्या शहरात गटापर्चाची पट्टी निघाली, त्याच शहरात तोंडात कवच घालून एका भारतीय आईने पदक मिळवलं.

आपल्या कबड्डीचं मात्र वेगळंच झालं. तिचे नियम 1921 साली साताऱ्यात बांधले गेले. 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली, बायकांची कबड्डी त्यासाठी 2010 पर्यंत थांबली. 2012 ला पाटण्यात भारताच्या बायकांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या मुली होत्या. मैदान मातीचं होतं ते मॅटचं झालं, बूट आले, टीव्ही आला. दातांचं कवच काही आलं नाही. आमच्या बघण्यातल्या गावच्या सामन्यांत एकीच्याही तोंडात ते दिसलेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका सखीच्या लेकीचा पुढचा दात सामन्यात अर्धा तुटला. दुखणं चार दिवसांत गेलं. पण पोरगी हसताना तोंडावर हात ठेवायला लागली. घरात पहिलं वाक्य निघालं ते, “आता स्थळ कोण आणणार?” आणि दुसरं, “खेळ बंद.” मुलग्याचा दात पडला तर पैलवानकी, मुलीचा पडला तर खेळ बंद. बैठकीत यावर खूप वेळ बोलणं झालं, आणि तिथूनच आमचा माउथगार्डचा शोध सुरू झाला.

खेळाच्या सामानाच्या दुकानात साधं माउथगार्ड काहीशे रुपयांत मिळतं. गरम पाण्यात मऊ करायचं, चटका बसणार नाही इतपत निवलं की वरच्या दातांवर बसवून चावायचं, साचा उठतो. पाणी किती गरम आणि किती वेळ, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. दंतवैद्याने माप घेऊन केलेलं जास्त चांगलं बसतं, पण महाग पडतं. ज्याचं त्यानेच वापरायचं, बहिणीबहिणींतसुद्धा अदलाबदल नाही. गार पाण्याने धुवायचं आणि भोकांच्या डबीत ठेवायचं. उन्हात टाकलं तर आकार जातो. वाढत्या वयाच्या मुलीला ते अधूनमधून बदलावं लागतं.

आणि तरीही पक्का दात मुळासकट निघालाच, तर? तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरून धरा, घासू नका, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचायचं बघा. दात परत बसू शकतो. मुरबाडला रेल्वे नाही, एसटीची वाट बघण्यात तास जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सामन्याच्या दिवशी गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवायचं.

आता दुसरी गोष्ट, रात्रीची. बैठकीत एकीने विचारलं, “माझी सासू म्हणते मी झोपेत दात खाते. मला चालेल का हे?” सगळ्या हसल्या, कारण दात खाणं म्हणजे आपल्याकडे राग धरणं. पण झोपेत दात करकरणं हा खराच त्रास आहे. 1907 साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, त्याच्याही आधीपासून युरोपातले दंतवैद्य दात झिजू नयेत म्हणून रात्री घालायची पट्टी करत होते. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला, कानशिलं दुखतात, आपण बाम चोळतो आणि चुलीकडे वळतो. कारण तिथे असू शकतं. ताण, चिंता यांनीही ते वाढतं. लहान पोरं दात खातात तेव्हा आपण जंत झाले म्हणतो. अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती जरूर द्या, पण दात खाण्याचं कारण जंतच असं धरून बसू नका. बहुतेक पोरांचं हे वाढत्या वयात आपोआप थांबतं.

रात्रीची पट्टी मात्र खेळाच्या कवचाहून वेगळी. खेळाचं जाड आणि मऊ, मार झेलायला. रात्रीचं बहुधा टणक, आपल्या मापाचं, दंतवैद्यानेच केलेलं. खेळाचं मऊ कवच घालून झोपलं तर काहींचं दात चावणं उलट वाढतं.

तिसरा प्रकार घोरण्याचा. 1902 साली पिअर रोबँ या फ्रेंच डॉक्टरने जबडा पुढे आणणारं एक साधन केलं. हनुवटी लहान असलेल्या बाळांची जीभ मागे पडून श्वास अडायचा, त्यांच्यासाठी. 1980 नंतर त्याच विचाराने मोठ्यांसाठी घोरण्याची उपकरणं निघाली. आपण म्हणतो, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, माणूस दचकून, गुदमरून उठत असेल, दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. रक्तदाबाशी त्याचा संबंध आहे. अशा माणसाला दुकानातलं कवच देऊ नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि हे फक्त नवऱ्यांचं नाही हं. बायकाही घोरतात, फक्त कबूल करत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, मशेरीचं. मशेरीने हिरड्या खराब होतात, दात हलायला लागतात. हलणाऱ्या दातांवर कुठलंही कवच नीट बसत नाही. बैठकीत हा विषय निघाला की निम्म्या सख्या पदराच्या टोकाशी खेळायला लागतात.

गटाने यंदा ठराव केलाय. खेळणाऱ्या मुलीच्या आईला माउथगार्डसाठी अंतर्गत कर्ज मिळेल, बिनव्याजी, चार हप्त्यांत. दोघींनी घेतलं. त्यातली एक त्याच अर्ध्या दातवाल्या मुलीची आई. तिच्या दाताला डॉक्टरने भर घालून दिली आहे आणि ती यंदा पुन्हा चढाईला जाते आहे.