मेणाचा हात

अमेरिकेत सुट्टीला निघालेल्या मोटारीच्या मागे जोडलेलं छोटं घर आपण चित्रपटांत पाहिलेलं असतं. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, खिडकीला पडदा. त्याला तिथे कॅम्पर ट्रेलर म्हणतात. सुट्टीचे चार दिवस सोडले, तर हे घर वर्षभर अंगणात उन्हापावसात उभं असतं. म्हणून त्याचा मालक वर्षातून एक-दोनदा बादली, मऊ फडकं आणि मेणाचा डबा घेऊन बाहेर येतो, त्याला धुतो, पुसतो आणि मेण चोळत बसतो. पाहणाऱ्याला हा रिकामा उद्योग वाटेल. पण त्या डब्याच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि तो थेट ब्राझीलच्या माळरानापर्यंत जातो.

मोटार स्वस्त झाली तशी अमेरिकेत तंबू घेऊन भटकणाऱ्यांची संख्या वाढली. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच काढली. रेडिएटरच्या झाकणावर टिनचा रिकामा डबा झाळून बसवायचा, ही त्यांची खूण. पुढे डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जीवाणूशास्त्रज्ञाने तंबूचा ट्रेलर विकत घेतला आणि सहलीत पावसाने सगळं कुटुंब भिजलं. तेव्हा त्याने मेसोनाइटच्या तक्त्यांची पेटीच चाकांवर बसवून घेतली. १९३६ च्या सुमारास त्याची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी झाली होती.

मेसोनाइट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता. पाणी प्यायला की तो फुगतो. त्याच्या आणि पावसाच्या मध्ये उभा असतो तो फक्त रंग. शिवाय महामंदीच्या काळात कितीतरी कुटुंबांना ही पेटी सहलीसाठी नव्हती, संसारासाठी होती. दुसऱ्या महायुद्धात तर कारखान्यांतल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेतले. अशा घराचा रंग तडकला की काय होतं, हे गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या माणसाला सांगायला नको.

रंगाचीही एक गोष्ट आहे. पूर्वी गाडीचा रंग हाताने थरावर थर देऊन लावायचे आणि तो वाळायला आठवडे जायचे. १९२३-२४ मध्ये ड्यूपाँ कंपनीचं ‘ड्यूको’ लॅकर आलं आणि हे काम तासांवर आलं. पण हा रंग उन्हात उघडा राहिला की मलूल पडे. घासून, वर मेणाचा हात फिरवल्याशिवाय त्याचं तेज टिकत नसे. शिकागोच्या ‘सायमनिझ’ मेणाचा जन्म त्याच्या आधी, १९१० मधला. त्याचा खप इतका वाढला की गाडीला मेण लावणे या अर्थाचं क्रियापदच त्या नावावरून इंग्रजीत रूढ झालं. एखाद्या मालाचं क्रियापद होणं, यापरती जाहिरात नाही.

उत्तम मेण येतं ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडापासून. सियारा, पियाउई हे तिकडचे दुष्काळी प्रांत. महिनोन्‌महिने पाऊस नसतो. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा पातळ थर धरतं. कोरड्या महिन्यांत लांब बांबूला कोयता बांधून पानं कापतात, उन्हात वाळवतात, मग झोडपून त्यांवरची भुकटी झाडून घेतात आणि वितळवून मेणाच्या वड्या पाडतात. हे मेण ८० अंश सेल्सिअसच्याही पुढे गेल्यावर वितळतं, म्हणून तापलेल्या पत्र्यावरही ते टिकाव धरतं. झाडाने स्वतःला उन्हापासून वाचवायला केलेली युक्ती माणसाने उचलून आपल्या गाडीला लावली, इतकी ही सरळ गोष्ट आहे.

या मेणाला एके काळी केवढी किंमत होती! विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचे मेण-पॉलिशचे कारखानदार एच. एफ. जॉन्सन १९३५ मध्ये पाण्यावर उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन ब्राझीलला गेले. ही झाडं पुढेही पुरतील ना, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. १९९८ मध्ये त्यांच्या मुलाने तशाच विमानाची प्रतिकृती बनवून तोच प्रवास पुन्हा केला.

इकडे ट्रेलरचं अंग बदलत होतं. लिंडबर्गच्या प्रसिद्ध विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानासारखा रिव्हेट ठोकलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याच घडणीवरून १९३६ मध्ये वॉली बायम यांचा एअरस्ट्रीम ‘क्लिपर’ आला. त्यावर रंग नाही, नुसती आरशासारखी धातूची कांती. पुढच्या ट्रेलरांना विमानांचाच ‘अल्क्लॅड’ पत्रा लागला. त्यात मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा केसाएवढा पातळ थर असतो. पॉलिश करताना दर वेळी त्यातलाच अंश निघतो. म्हणजे चमकवणं आणि झिजवणं तिथे एकच! आपल्याकडच्या कल्हईचा थर वापराने जातो, पण कल्हईवाला तो पुन्हा चढवून देई. इथे गेलेला थर कोणी परत आणून देत नाही.

मला सर्वांत आवडते ती कॅनडातल्या विनिपेगची गोष्ट. रे ओलेको या माणसाने आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती. मग त्याच्या मनात आलं, याच मालाचं घर का करू नये? १९६८ मध्ये त्याचा ‘बोलर’ ट्रेलर बाजारात आला. लांबी १३ फूट, आकार गोलसर, म्हणून बोलर टोपीचं नाव. साच्यातून वरचा आणि खालचा असे दोन भाग काढायचे आणि कमरेपाशी जोडायचे. छपराला सांधा नाही, म्हणून गळती कमी. आणि गंमत बघा, साच्याला माल चिकटू नये म्हणून आधी साच्यालाच मेण लावतात. त्यावर जेलकोट नावाचा रंगीत राळेचा थर, मग काचतंतू. म्हणजे या घराला जन्मतःच मेणाचा हात लागलेला असतो.

जेलकोटचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उन्हातले अतिनील किरण त्यातली राळ तोडत जातात. काही वर्षांनी हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. मग तो थर घासून काढावा लागतो, आणि असं फार वेळा करता येत नाही. म्हणून ऊन मेणाने सोसावं आणि झिजायचं तेही मेणानेच, अशी व्यवस्था. ट्रेलर धुवायचा सावलीत, सौम्य साबणाने, छपरापासून खाली, कारण छपरावरचा मळच कडेने ओघळून काळे पट्टे उमटवतो. भांड्यांचा साबण नको, तो जुनं मेणही घेऊन जातो. कोरडं झाल्यावर पातळ हात द्यायचा आणि धुरकट दिसू लागला की पुसायचं. जाड लावणारा नुसता पुसत बसतो. आता रासायनिक आणि सिरॅमिक लेपही मिळतात आणि ते जास्त टिकतात, पण जुन्या बोलरचे मालक अजून डब्यातल्या मेणावर जीव टाकून आहेत.

त्यांच्यातल्या किती जणांना पियाउईची पानं दिसत असतील, कोण जाणे. तिथल्या कार्नौबाच्या रानांतून गुलामीसारख्या स्थितीत राबणाऱ्या मजुरांची सुटका सरकारी निरीक्षकांना वारंवार करावी लागली आहे. उघड्यावर झोपणं, शौचालय नाही, प्यायला ओढ्याचं न गाळलेलं पाणी. २०१७ मध्ये एका जर्मन वाहिनीने हे चित्र दाखवलं तेव्हा युरोपात गलका झाला, कारण गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही याच मेणाची. त्यानंतर काही खरेदीदार कंपन्या मेण कुठल्या रानातून आलं याचा माग ठेवू लागल्या. पानं कापणारा मात्र अजूनही बांबू उचलूनच रानात जातो आणि झाडाचा मधला कोवळा कोंब तेवढा राखून ठेवतो. पुढच्या मोसमाची पानं त्याच कोंबातून येतात.