मडचा वंशविस्तार

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाच्या पीडीपी-१० संगणकावर रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली एक खेळ लिहायला घेतला. नाव ‘मड’, म्हणजे मल्टी-यूझर डंजन. चित्र एकही नाही. ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं आणि पुढ्यात काय आलं ते वाचायचं. असे खेळ आधीही होते, पण त्यांत खेळणारा एकटाच भटके. मडमध्ये वाटेत कुणी भेटलं, तर ते दुसऱ्या टर्मिनलवर बसलेलं हाडामांसाचं माणूस असे.

१९८०च्या सुमारास सूत्रं रिचर्ड बार्टल यांच्याकडे आली. खजिना शोधून दलदलीत टाकला की गुण मिळत. पुरेसे गुण झाले की खेळाडू ‘विझार्ड’ होई आणि खरी गंमत तिथून पुढे. त्याचा खेळ संपत नसे, उलट इतरांवर अदृश्य राहून नजर ठेवण्याचे, त्यांना वठणीवर आणण्याचे अधिकार त्याला मिळत. बक्षीस म्हणून कारभारच हाती! इंग्लंडमधली उच्चनीचता ट्रबशॉ-बार्टल दोघांनाही जाचत होती; कर्तबगारीवर वर चढता येईल असं जग त्यांना हवं होतं, असं बार्टल यांनी पुढे सांगितलं आहे.

विद्यापीठाबाहेरचे लोकही रात्री मोडेमवरून यात शिरू लागले आणि मग नकला सुटल्या. एसेक्समध्ये खेळून गेलेल्या ॲलन कॉक्स (पुढे लिनक्समुळे गाजलेले तेच) यांनी साथीदारांसह १९८७ मध्ये ॲबरिस्टविथला ‘ॲबरमड’ केला. १९८९च्या ‘टायनीमड’ने मारामारी काढून टाकली, खेळाडूंनीच खोल्या बांधायच्या. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचा ‘डिकूमड’ (१९९१) नेमका उलट: राक्षस मारा, पातळी चढा, पुन्हा मारा. मला तो कंटाळवाणा वाटतो. पण त्याचा कोड फुकट होता आणि कुणालाही सहज चालवता येई, त्यामुळे वंश वाढला तो त्याचाच.

१९९९ मध्ये आलेला चित्रमय ‘एव्हरक्वेस्ट’ इतका डिकूच्या वळणावर गेला होता की कोड उचलल्याचा बोभाटा झाला. तसं केलेलं नाही, असं त्याच्या प्रोग्रामरना २००० साली शपथेवर लिहून द्यावं लागलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) रचणाऱ्यांत याच एव्हरक्वेस्टचे कट्टर खेळाडू होते.

पातळ्या, लूट, टोळीने शिकार हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं. विझार्ड मात्र वाटेत गळला. वॉरक्राफ्टमध्ये कितीही वर चढा, कारभार तो चालवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या पगारी माणसांकडेच.