टाळू भरण्याची कुळकथा

महाराष्ट्रातील पारंपरिक बाळंतपणात तान्ह्या बाळाची मालिश टाळूपासून सुरू होते. मालिश करणारी बाई कोमट तेल तळहातावर घेऊन बाळाच्या माथ्यावरील मऊ भागावर ते हलकेच थापत जिरवते. या कृतीला ‘टाळू भरणे’ म्हणतात आणि तेलामुळे तेथील खळगा भरून येतो, अशी तिच्यामागची समजूत आहे. याच वेळी बाळाचे डोके दोन्ही तळव्यांत धरून, दाब देऊन गोल करण्याचा आणि पुढे त्याखाली मोहरीची उशी ठेवण्याचाही अनेक घरांत प्रघात आहे. टाळू जपणे आणि डोके घडवणे ही दोन कामे अशा रीतीने एकाच हाताकडे आली असली, तरी त्यांचे हेतू मुळातच वेगळे आहेत.

टाळू जपण्याची परंपरा आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांपर्यंत मागे नेता येते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजाताचे तोंड पुसून झाल्यावर त्याची ‘शिरस्तालु’, म्हणजे माथ्यावरची टाळू, तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने झाकावी, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेतही माथ्यावर तुपाचा बोळा ठेवण्याची आज्ञा आहे. या विधानांत माथ्याला आच्छादन देण्याची काळजी आहे, डोक्याला आकार देण्याचा उल्लेख मात्र नाही.

आकार देण्याच्या खटाटोपाचे जुने दाखले ग्रीक-रोमन वैद्यकात सापडतात. हिपॉक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हवा, पाणी आणि स्थळे यांवरील ग्रंथात लांबट डोके कुलीनतेचे लक्षण मानणाऱ्या आणि त्यासाठी तान्ह्या मुलांची डोकी हातांनी दाबून पट्ट्यांनी बांधणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनसने तर डोके प्रमाणबद्ध व्हावे म्हणून ते हातांनी घडवण्याची रीतच दाईसाठी सांगितली.

बाळाचे डोके जन्मतः वेडेवाकडे दिसण्याचे कारण कवटीच्या रचनेत आहे. जन्माच्या वेळी कवटीची हाडे एकसंध झालेली नसतात. त्यांच्यामधल्या तंतुमय सांध्यांना शिवणी म्हणतात आणि जेथे अनेक शिवणी मिळतात, तेथील पडद्याने झाकलेली रिकामी जागा म्हणजे टाळू. प्रसूतिमार्गातून उतरताना ही हाडे एकमेकांवर किंचित सरकतात, त्यामुळे डोके लांबट होते, कधी त्वचेखाली पाणी साठून टेंगळासारखी सूजही येते. कळा सुरू होण्यापूर्वी सिझेरियनने जन्मलेल्या बाळाचे डोके त्या मानाने गोल असते. ही सूज आणि लांबटपणा सामान्यतः काही दिवसांत आपोआप ओसरतो. मागची लहान टाळू साधारण दोन महिन्यांत, तर पुढची मोठी टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांत हाडांच्या वाढीमुळे मिटते. या कामात तेलाचा वाटा नसतो.

पुढे डोके एका बाजूने चपटे होण्याचे कारण बहुधा निजण्याच्या स्थितीत असते. झोपेतील अकस्मात मृत्यू टाळण्यासाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ पासून उताणे निजवण्याची मोहीम चालली. असे मृत्यू बरेच घटले, पण मागून चपटी डोकी अधिक दिसू लागली. त्यावर उपाय म्हणून उताणे निजवणे सोडायचे नसते. जागेपणी कोणाच्या तरी नजरेखाली बाळाला पालथे ठेवावे आणि निजवताना त्याच्या मानेची दिशा आलटूनपालटून बदलावी. झोपेत उशी, मग ती मोहरीची का असेना, श्वास कोंडण्याच्या धोक्यामुळे टाळावी.

म्हणून या प्रथेतील कोमट, हलका हात जरूर टिकावा आणि दाब तेवढा सोडून द्यावा. त्याच हाताला टाळूची पारखही हवी, कारण जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली तर शरीरातील पाणी कमी झाल्याची आणि बाळ शांत असतानाही ती फुगलेली राहिली तर मेंदूवरील दाबाची शंका घेऊन तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. शिवणीवर कठीण उंचवटा लागला किंवा डोक्याचा वाकडेपणा वाढत गेला, तर त्यावर मालिशीचा प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांनाच दाखवावे.