थ्रॉटलची खरखर

इंग्रजीत ‘थ्रॉटल’ म्हणजे मुळात गळा आवळणे. इंजिनाच्या घशात जाणारी वाफ किंवा हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, आणि मग ती झडप हलवणाऱ्या दांडीलाही, तेच नाव पडलं. यवतमाळ जिल्ह्याला हा शब्द नवा वाटला तरी वस्तू जुनी आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलं गेलं, १९२३ पासून ते या रुळांवर राबलं आणि १९९४च्या एप्रिलात डिझेलने त्याची जागा घेतली. त्याच्या ड्रायव्हरच्या हातातली रेग्युलेटरची दांडी म्हणजे थ्रॉटलच.

वाफेच्या जमान्यात गळका रेग्युलेटर ही एक कायमची डोकेदुखी असे. झडप नीट बसली नाही की दांडी ‘बंद’ दाखवी आणि वाफ मात्र सिलिंडरात झिरपत राही. उभं इंजिन मग आपसूक हलू शके. म्हणून ते सोडून जाताना रिव्हर्सर मध्यावर आणायचा, सिलिंडरच्या तोट्या उघड्या ठेवायच्या, हँडब्रेक आवळायचा, असा दंडक होता. हाताने सांगितलं एक आणि यंत्राने ऐकलं भलतंच. मला या निबंधात सांगायची आहे ती याच दोषाची गोष्ट. तो नष्ट कधीच झाला नाही, दर पिढीत त्याने घर तेवढं बदललं.

राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाला आजच्या अर्थाचं थ्रॉटल नव्हतंच; इंजिन चालायचं ते पूर्ण जोराने. पुढच्या विमानांत दांडी आली आणि इंजिनापर्यंत सळ्या किंवा तारा गेल्या. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. डाकोटाच्या वैमानिकाचा हात तारेने थेट इंजिनाला बांधलेला असे. तार ढिली झाली तर ते हाताला कळे. थरथरीने दांडी आपोआप सरकू नये म्हणून शेजारी घर्षण वाढवणारा पेच असे. तो किती आवळायचा याचं गणित कुठे लिहिलेलं नसे, ते वैमानिकाच्या तळहातात असे.

जमिनीवर बसून उडायला शिकवणारं यंत्र मात्र निघालं वाद्यांच्या कारखान्यातून. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवेचा पंप वापरून एडविनने १९२९ साली एक बुटकं, पंख लावलेलं लाकडी विमान तयार केलं. दांडी हलवली की भाते फुगत, आक्रसत आणि डबा कलत असे. सुरुवातीला ते जत्रेतली गंमत म्हणूनच खपलं. १९३४मध्ये अमेरिकी सैन्याने टपाल वाहायचं काम हाती घेतलं, खराब हवेत एकामागून एक वैमानिक मेले, आणि मग सैन्याने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात असे दहा हजारांवर डबे तयार झाले. आपल्या संगीत नाटकांत वाजणाऱ्या ऑर्गनचा हा दूरचा भाऊबंद. ज्याने पेटीचा भाता दुरुस्त केला आहे त्याला लिंकच्या यंत्राचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही: हवा गळू लागली की सूर उतरतो, इथे काटा उतरतो.

घरातल्या संगणकावर विमान आलं तेव्हा भाते गेले, ताराही गेल्या. १९८१च्या आयबीएम संगणकाला खेळाच्या दांड्या जोडायची एक खाच मिळत असे. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला. या दांडीच्या बुडाशी असे पोटेन्शिओमीटर, म्हणजे कार्बनची अर्धवर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची जीभ. जीभ जिथे टेकेल त्याप्रमाणे विजेचा रोध बदलतो. संगणक तो थेट मोजत नसे. त्या रोधातून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो हे तो मोजे आणि त्यावरून दांडीची जागा ठरवी. संगणक वेगवान झाले, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमांचा हा हिशेब चुकू लागला. दांडी तीच, हातही तोच, विमान मात्र वेगळं वागे.

आता हे पोटेन्शिओमीटर आपल्याला परकं नाही. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटन फिरवलं की जी खरखर व्हायची, ती याच पट्टीची. पट्टी झिजते, तिच्यावर धूळ बसते, जीभ मधेच अधांतरी राहते. रेडिओत ते कानाला ऐकू येतं. थ्रॉटलमध्ये आवाज नसतो, इंजिनाची शक्ती एकदम उसळते किंवा पडते.

महागावात माझ्याकडे असंच एक थ्रॉटल दुरुस्तीला आलं. एका शेतकऱ्याच्या पोराने सेकंडहँड घेतलेलं, कुठल्या कंपनीचं ते इथे महत्त्वाचं नाही. “काका, हात नाही लावला तरी पॉवर वाढते,” एवढीच तक्रार. पोराला वैमानिक व्हायचं आहे. गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या शुल्काचा आकडा त्याला तोंडपाठ आहे. तोवर हे टेबलावरचं विमान. त्याचे तास कुठल्या वहीत धरले जाणार नाहीत, पण हाताला लागलेली सवय सोबत जाणार. विमान उतरवताना शक्ती बोटभर वाढवायची, अर्धं बोट कमी करायची असते. दांडी खोटं बोलत असेल तर शिकणारा हात घाबरून मोठमोठे झटके द्यायला लागतो. चुकीच्या यंत्रावर शिकण्यापेक्षा न शिकणं बरं, असं विमानविद्येतले जाणकार म्हणतात, ते यासाठी.

संगणकाच्या पडद्यावर दांडीच्या हालचालीची रेघ पाहिली. ही पायरी लोक वगळतात आणि थेट स्क्रू उघडतात. रेघ एकाच ठिकाणी उसळत असेल तर पट्टी तिथे झिजली आहे. सगळीकडे थरथरत असेल तर सुटत आलेली तार किंवा संगणकाकडून येणारी वीज तपासायची. इथे उसळी तळाशीच होती, म्हणजे नेमकी जिथे इंजिन शांत असायला हवं तिथे. दांडी वर-खाली पन्नासेक वेळा फिरवली, काँटॅक्ट क्लीनर मारला. चार दिवस बरं चाललं. प्रोग्रॅममध्ये ‘मृत पट्टा’ ठेवून, म्हणजे तळाची हालचाल सरळ दुर्लक्षून, दोष झाकता येतो. मला ते पटत नाही. शेवटी पोटेन्शिओमीटरच बदललं. इथे एक फसगत ठरलेली. रेडिओच्या जुन्या सामानातलं आवाजाचं पोटेन्शिओमीटर दिसायला सारखंच असतं, पण कानाच्या सोयीसाठी त्याचा रोध समप्रमाणात वाढत नाही. ते लावलं तर अर्ध्या दांडीला अर्धी शक्ती मिळत नाही. पाठीवर ‘ए’ऐवजी ‘बी’ छापलेलं घ्यायचं. आमच्या थ्रॉटलला ‘बी १०के’ लागलं.

महागड्या थ्रॉटलमध्ये आता घासणारी जीभच नसते. एडविन हॉलने १८७९मध्ये बाल्टिमोरला दाखवून दिलं होतं की वीज वाहणाऱ्या पत्र्याला चुंबकाजवळ धरलं तर त्याच्या आडव्या बाजूला सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. दांडीला चुंबक, समोर त्या गुणाची चिप, मध्ये नुसती हवा. झिजायला काही नाही. पण चुंबक तिरका बसला, प्लॅस्टिकचा दाता खाल्ला गेला किंवा दांडीचा खिळा ढिला झाला, तर चिप बिचारी चुकीची जागा अगदी अचूक सांगते.

मोठ्या विमानांनीही तार सोडून दिली. १९८८मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२०मध्ये दांडीपासून इंजिनापर्यंत फक्त विजेचे संकेत जातात. मात्र प्रत्येक दांडीवर एकाहून अधिक स्वतंत्र संवेदक असतात आणि त्यांच्यात मतभेद झाला की संगणकाला कळतं. पोराच्या टेबलावर साक्षीदार एकच, आणि तोही झिजलेला.

अनेक साक्षीदार असूनही काय होऊ शकतं ते ९ जानेवारी २०२१ला दिसलं. जकार्ताहून पॉन्टियानाकला निघालेलं श्रीविजया एअरचं बोइंग ७३७-५०० विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. ६२ जण गेले. स्वयंचलित यंत्रणा शक्ती कमी करत होती. डावी दांडी मागे येत गेली, उजवी जागची हलली नाही, आणि दोन इंजिनांच्या ओढीतला फरक वाढत जाऊन विमान डावीकडे कलंडलं. त्या यंत्रणेची तक्रार आधी वारंवार नोंदली गेली होती आणि दुरुस्त्याही झाल्या होत्या. इंडोनेशियाच्या तपास संस्थेने अंतिम अहवालात सांगितलं की दोष उजव्या दांडीच्या यांत्रिक भागातल्या घर्षणात किंवा अडकण्यात होता, आणि आधीच्या दुरुस्त्यांना तो सापडलाच नव्हता.